ओसरी आणि आगगाडी : अमेरिकेंतील १८९६ ची निवडणूक

लोकसत्ताक राज्यांत सत्तेचें उगमस्थान लोकमत होय, हें वाक्य आतां इतकें परिचयाचें झालें आहे कीं, तें उच्चारतांना कोणी क्षणभरहि थांबत नाहीं. परंतु नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये म्हणतात, तशांतलाच प्रकार लोकमताच्या मुळाचाहि आहे. लोकमत लोकांच्या अंतःकरणांत आपोआप उगवतें, कीं कोणी तें पेरतो? आणि पेरणारा असल्यास तो कोण? वक्ता, धनिक, वर्तमानपत्रकार, कारखान्याचा मालक, कीं आपल्या शेजारींच राहणारा आपल्यासारखाच एखादा साधा नागरिक? अमेरिकेंतील अध्यक्षपदाची निवडणूक म्हणजे ह्या प्रश्नाचें दर चार वर्षांनीं उघडणारें प्रयोगमंदिर होय. १८६४ सालीं यादवी युद्ध ऐन रंगांत असतांनाहि त्या राष्ट्रानें ही निवडणूक पुढें ढकलली नाहीं. प्रयोग अखंड चालू आहे. निष्कर्षाविषयीं मात्र आजहि एकमत नाहीं.

ह्या प्रयोगमालेंतील एकच प्रयोग येथें वाचकांपुढें मांडावयाचा आहे, तो १८९६ सालचा. त्या वर्षींच्या दोन उमेदवारांपैकीं एकानें आपल्या घराची ओसरी सोडली नाहीं, आणि दुसरा आगगाडींतून जवळजवळ उतरलाच नाहीं. एकाच्या पाठीशीं तोंपर्यंत कोणत्याहि उमेदवाराच्या पाठीशीं नव्हता इतका पैसा होता. दुसऱ्याजवळ आवाजाखेरीज फारसें कांहीं नव्हतें. ओसरी जिंकली व आगगाडी हरली. ह्या निकालाची कथा सामान्यतः दोन रीतींनीं सांगितली जाते. थैलीनें मतें विकत घेतलीं, असें एक पक्ष म्हणतो. सुबुद्ध जनतेनें एक खुळचट अर्थशास्त्र धुडकावून लावलें, असें दुसरा म्हणतो. आमच्या मतें हे दोन्ही निवाडे घाईचे आहेत. खरा प्रकार काय झाला हें पाहावयाचें तर पैशाची व वक्तृत्वाची मोजदाद करून भागत नाहीं. त्या दोहोंच्या आधीं काय घडलें होतें तें पाहावें लागतें.

वाद वरवर पाहतां नाण्यांचा होता. १८७३ सालीं अमेरिकन काँग्रेसनें चांदीच्या डॉलरची मुक्त पाडणावळ कायद्यांतून गाळली आणि व्यवहारतः सोनें हेंच एकटें प्रमाण-चलन झालें. पुढील दोन तपांत शेतीचें व कारखान्यांचें उत्पन्न झपाट्यानें वाढलें, पण सोन्याचा पुरवठा त्या मानानें वाढला नाहीं. भाव सारखे उतरत गेले. भाव उतरणें हें ग्राहकास गोड वाटतें. ऋणकोस तें विषासारखें असतें. कॅन्सस किंवा नेब्रास्का येथील एखाद्या शेतकऱ्यानें जमीन गहाण टाकून कर्ज काढलें तेव्हां तें शंभर पोतीं गव्हानें फिटण्यासारखें होतें असें समजा. दहा वर्षांनीं डॉलरांचा आंकडा तोच, पण तेवढे डॉलर उभे करण्यास दीडशें पोतीं बाजारांत न्यावीं लागत. सावकारानें कागदावर एक अक्षर बदललें नव्हतें, तरी कर्ज दीडपट झालें होतें. ह्यावर उपाय म्हणून पश्चिमेकडील व दक्षिणेकडील लोक मागणी करीत कीं, सोळा भार चांदी बरोबर एक भार सोनें ह्या जुन्या प्रमाणानें चांदीची नाणीं पुन्हां मुक्तपणें पाडावींत. बाजारांत ह्या वेळीं सोन्याच्या एका भारास चांदीचे सुमारें तीस भार मिळत. सोळास एक हें प्रमाण लागू करणें म्हणजे डॉलर अर्धा करून धनकोस व ठेवीदारास बुडविणें होय, असें पूर्वेकडील पेढीवाले म्हणत. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य होतें, आणि म्हणूनच वाद कडवा झाला.

ह्या वादाचा एक धागा आपल्या देशांतूनहि जातो, हें फार थोड्यांच्या लक्षांत येतें. २६ जून १८९३ रोजीं हिंदुस्थान सरकारनें मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळी चांदीच्या मुक्त पाडणावळीस बंद केल्या. जगांतील चांदीचें एक फार मोठें गिऱ्हाईक एका दिवसांत नाहींसें झालें व चांदीचा भाव धाडकन कोसळला. अमेरिकेंत त्या वर्षीं अगोदरच पेढ्या बुडूं लागल्या होत्या. कोलोरॅडोंतील चांदीच्या खाणी धडाधड बंद पडल्या, आणि नोव्हेंबरांत काँग्रेसनें सरकारी चांदीखरेदीचा कायदाहि रद्द केला. इकडे दख्खनच्या शेतकरणीच्या अंगावरील वाळ्यातोड्यांची किंमत उतरली, पण सारा मात्र महाग केलेल्या रुपयांतच भरावा लागे. दोन खंडांतील दोन शेतकरी एकमेकांस ओळखत नव्हते. त्यांचें नशीब मात्र एकाच तराजूंत तोललें जात होतें. फरक एवढाच कीं, एकास मताचा अधिकार होता व दुसऱ्यास नव्हता.

आतां त्या मताची मशागत कशी झाली तें पाहूं. ब्रायन हें नांव देशास ठाऊक होण्यापूर्वी कित्येक वर्षें, टेक्ससमध्यें उगम पावलेली शेतकऱ्यांची एक संघटना दक्षिणेंत व पश्चिमेंत पसरली होती. तिला ‘फार्मर्स अलायन्स’ म्हणजे शेतकरीसंघ म्हणत. काळ्या शेतकऱ्यांनीं १८८६ सालीं टेक्ससमध्येंच आपला वेगळा संघ स्थापिला, कारण गोऱ्यांच्या संघांत त्यांना प्रवेश नव्हता. ह्या संघांचें मुख्य शस्त्र मतपेटी नसून व्याख्यान हें होतें. संघाचे व्याख्याते घोड्यावरून वा गाडींतून खेडोखेडीं जात; गांवच्या शाळेंत रात्रीं दिवा लावून सभा भरे; आणि आगगाडीचे दर कोण ठरवितो, चलन म्हणजे काय, गहाणाचें व्याज कसें फुगतें, सहकारानें कापूस कसा विकावा, ह्या विषयांवर नांगर धरणारे लोक वादविवाद करीत. मेरी एलिझाबेथ लीज हिच्यासारख्या स्त्रियाहि कॅन्ससमध्यें व्यासपीठावर उभ्या राहून हजारोंच्या सभा हालवून सोडीत, आणि त्याहि अशा काळीं कीं, अध्यक्षाच्या निवडणुकींत मत देण्याचा हक्क स्त्रियांस बहुतेक राज्यांत नव्हता.

ह्या पेरणीचें पहिलें पीक १८९२ सालीं आलें. त्या वर्षीं ४ जुलै रोजीं ओमाहा येथें पॉप्युलिस्ट म्हणजे लोकपक्षानें आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला. चांदीची मुक्त पाडणावळ हें त्यांतील एक कलम. त्याखेरीज चढता प्राप्तीकर, आगगाड्यांची सरकारी मालकी, सीनेटरांची लोकांकडून प्रत्यक्ष निवडणूक व गुप्त मतदान ह्यांचाहि त्यांत पुरस्कार होता. पक्षाचा उमेदवार वीव्हर ह्यास दहा लाखांवर मतें व २२ निर्वाचक मिळाले. तिसऱ्या पक्षास एवढें यश यादवी युद्धानंतर प्रथमच येत होतें. हें यश कोणा एका पुरुषाच्या तेजाचें नव्हतें. सावकाराच्या हिशेबवहीस उत्तर देण्यासाठीं हिशेब शिकलेल्या माणसांचें तें होतें.

ह्या पार्श्वभूमीवर १८९६ चा उन्हाळा उगवला. जून महिन्यांत सेंट लुई येथें रिपब्लिकन पक्षानें सुवर्णप्रमाणाची बाजू घेऊन ओहायोचा माजी गव्हर्नर विल्यम मॅकिन्ली ह्याची निवड केली. जुलैंत शिकागो येथें डेमोक्रॅटिक पक्षाची परिषद भरली. तेथें चांदीवाल्यांचें बहुमत होतें, पण त्यांना नेता नव्हता. ९ जुलै रोजीं नेब्रास्काचा छत्तीस वर्षांचा वकील विल्यम जेनिंग्ज ब्रायन बोलावयास उठला. ध्वनिवर्धकाचा शोध लागावयाचा होता. तरी वीस हजारांच्या त्या प्रचंड मंडपांत त्याचा स्वर शेवटच्या रांगेपर्यंत पोंचे. शहरें जाळून टाकलीं तरी शेतें तीं पुन्हां उभारतील, पण शेतें उजाड झालीं तर शहरांच्या रस्त्यांवर गवत उगवेल, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. आणि शेवटीं, मानवजातीस सोन्याच्या क्रूसावर खिळूं देणार नाहीं अशी गर्जना करून तो दोन्ही हात पसरून क्षणभर निश्चल उभा राहिला. सभागृह प्रथम स्तब्ध झालें, मग बेभान झालें. दुसऱ्या दिवशीं पांचव्या फेरींत ब्रायन उमेदवार ठरला. लोकपक्षापुढें आतां पेंच पडला. वेगळा उमेदवार उभा करावा तर चांदीची मतें फुटतील. ब्रायनला आपला म्हणावा तर ओमाहाच्या जाहीरनाम्यांतील बाकीचीं कलमें त्याच्या तेजांत दिसेनाशीं होतील. पक्षानें दुसरा मार्ग पत्करला. ह्या निर्णयाचें मोल काय पडलें तें पुढें दिसेल.

मॅकिन्लीच्या मोहिमेचा सूत्रधार क्लीव्हलंडचा लोखंड-कोळशाचा व्यापारी मार्क हॅना हा होता. त्यास कांहीं लोक निव्वळ थैलीशहा समजतात. तो कुशल व्यवस्थापक होता आणि मॅकिन्लीवर त्याचा मनापासून लोभ होता. १८९३ सालीं एका मित्रास जामीन राहून मॅकिन्ली कर्जांत बुडाला तेव्हां हॅना व त्याचे स्नेही धांवून गेले होते. हॅनानें निवडणुकीच्या वर्गणीस कारखान्याच्या जमाखर्चाचें रूप दिलें. पूर्वी धनिक लोक मर्जीप्रमाणें देणगी देत. हॅनानें पेढ्यांवर त्यांच्या भांडवलाच्या शेंकडा पाव प्रमाणें जणूं कर बसविला. स्टँडर्ड ऑइल कंपनीनें अडीच लाख डॉलर दिले, मॉर्गनच्या पेढीनेंहि तितकेच दिले. राष्ट्रीय समितीचा निधि सुमारें ३५ लाख डॉलरांवर गेला. ब्रायनच्या पक्षाजवळ ह्याच्या पंचमांशहि रक्कम नव्हती. अशा वर्गण्यांस त्या वेळीं संघराज्याच्या कोणत्याहि कायद्याची आडकाठी नव्हती; जमाखर्च प्रसिद्ध करण्याचें बंधनहि नव्हतें.

हा पैसा गेला कोठें? त्याचा मोठा भाग शिकागोच्या कचेरींत, चार्ल्स डॉज ह्या तरुण हिशेबनीसाच्या देखरेखीखालीं, कागद व शाई ह्यांवर खर्च झाला. दहा कोटींहून अधिक पत्रकें व पुस्तिका छापल्या गेल्या. मतदान करणारे लोक एक कोटी चाळीस लाखांच्या आंत. म्हणजे दर मतदारामागें सातांहून अधिक कागद पडले. जर्मन, स्वीडिश, इटालियन आदि भाषांत त्यांचीं भाषांतरें झालीं. खेड्यांतील लहान वृत्तपत्रांस तयार मजकूर पुरविला जाई. शेंकडों वक्ते पगार व भाडें देऊन फिरविले गेले.

आणि ह्या यंत्राच्या मध्यभागीं होती कँटन गांवची ती ओसरी. मॅकिन्लीची पत्नी प्रकृतीनें अत्यंत दुबळी. तिला सोडून जाणें त्यास आवडत नसे. शिवाय वक्तृत्वांत ब्रायनशीं झुंजणें म्हणजे त्याच्याच आखाड्यांत उतरणें होय, हें तो जाणून होता. म्हणून तो घरींच राहिला, आणि देश त्याच्या दारीं आणला गेला. आगगाडी कंपन्यांनीं कँटनची तिकिटें स्वस्त केलीं. लोखंडाचे कामगार, शेतकरी, फिरते विक्रेते, धर्मसंस्थांचे लोक, यादवी युद्धांतील वृद्ध सैनिक ह्यांच्या टोळ्या स्टेशनवर उतरत. घोडेस्वार व वाजंत्री त्यांना मिरवीत घरापर्यंत आणीत. टोळीचा मुख्य जें भाषण करणार तें आधींच मागवून मॅकिन्ली तें वाचून ठेवी, खटकणारीं वाक्यें काढून टाकी व त्यास साजेसें उत्तर तयार करी. अशा रीतीनें सुमारें साडेसात लाख लोक ओसरीपुढें उभे राहून गेले. हिरवळ तुडवून मातीला मिळाली. कुंपणाच्या फळ्या लोकांनीं आठवण म्हणून उचलून नेल्या. वरून पाहणारास वाटावें, नागरिक आपल्या नेत्यास भेटावयास येत आहेत. वस्तुतः भेट, प्रश्न आणि उत्तर हीं तिन्ही आधीं ठरलेलीं असत.

ब्रायनची रीत अगदीं उलट. तो सुमारें अठरा हजार मैल हिंडला, सत्तावीस राज्यांत गेला, आणि त्यानें सुमारें सहाशें भाषणें केलीं. आरंभीं तो सामान्य उतारूंच्या डब्यांतून, आपली बॅग आपणच उचलून प्रवास करी; गाडी चुकूं नये म्हणून पहाटे फलाटावर उभा असे. अखेरच्या महिन्यांत त्यास एक स्वतंत्र डबा मिळाला, त्याचें नांव ‘आळशी’ असें होतें. ह्या विसंगतीची थट्टा तो स्वतःच करी. जेथें गाडी पाणी घेण्यास थांबे तेथें तो मागच्या सज्जावरून बोले. घसा बसे, पुन्हां उघडे. अध्यक्षपदाच्या उमेदवारानें स्वतः मतें मागत दारोदार फिरणें त्या काळच्या शिष्टाचारांत बसत नसे. तो संकोच ब्रायननें मोडला, आणि तो पुढें कधींच पूर्णपणें परतला नाहीं. पण एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. शेतकरीसंघाच्या शाळागृहांत चलन हें अनेक दुखण्यांपैकीं एक होतें. ब्रायनच्या सज्जावर चांदी हेंच एकमेव औषध झालें. गर्दी वाढली, आणि विषय आकसला.

दबावाचा प्रश्न येथें टाळतां येत नाहीं. ब्रायन निवडून आल्यास कारखाना बंद राहील, बुधवारीं कामावर येण्याची तसदी घेऊं नये, अशा अर्थाच्या सूचना मालकांनीं मजुरांस दिल्याच्या तक्रारी त्या वर्षीं ठिकठिकाणीं झाल्या. मॅकिन्ली निवडून आल्यास गहाणाची मुदत वाढवूं, असें आमिष शेतकऱ्यांस दाखविल्याच्याहि होत्या. ह्या तक्रारी सर्वस्वीं खोट्या म्हणतां येत नाहींत. तथापि १८८८ नंतरच्या आठ वर्षांत बहुतेक राज्यांनीं सरकारनें छापलेल्या गुप्त मतपत्रिकेची ऑस्ट्रेलियन पद्धति स्वीकारली होती. मालकास मजुराच्या मनांत भीति घालतां येई, पण पडद्याआड त्यानें कोठें खूण केली हें पाहतां येत नसे. शिवाय शहरांतील मजुरास ब्रायनचें औषध मुळींच गोड वाटण्यासारखें नव्हतें. भाव चढले तर शेतकऱ्याचें कर्ज हलकें होईल, पण मजुराची भाकरी महाग होईल. आणि मजुरी त्याच दिवशीं वाढेल ह्याची हमी कोण देणार? ह्या साध्या शंकेस ब्रायनजवळ समाधानकारक उत्तर नव्हतें. हॅनाच्या पैशानें ती शंका निर्माण केली नाहीं. घरोघर पोंचविली एवढेंच.

शेवटच्या कांहीं आठवड्यांत निसर्गानेंहि आपलें मत टाकलें, आणि तें हिंदुस्थानांतून. १८९६ च्या पावसाळ्यानें हिंदुस्थानास दगा दिला. दुष्काळाच्या बातम्या गेल्या, इतरत्रहि पिकें कमी आलीं, आणि शिकागोच्या बाजारांत गहूं चढूं लागला. गहूं व चांदी हीं एकाच दोरीनें बांधलेलीं आहेत, एक उठल्याशिवाय दुसरें उठणार नाहीं, हें ब्रायनच्या प्रचाराचें एक मुख्य सूत्र होतें. तें सूत्र मतदानाच्या तोंडावर तुटलें. येथें तरफ फारच क्रूर आहे. इकडे ज्या अवर्षणानें माणसें खडी फोडावयास लागलीं, त्याच अवर्षणानें तिकडे मिनेसोटाच्या शेतकऱ्याचा राग कांहींसा शमविला. त्याच शरदऋतूंत पुण्याच्या सार्वजनिक सभेचे प्रचारक दख्खनच्या खेड्यांतून हिंडून, दुष्काळाच्या सरकारी नियमांनीं रयतेस कोणते हक्क दिले आहेत तें समजावून सांगत होते, आणि टिळकांचा ‘केसरी’ तेंच काम करीत होता. १८९७ च्या मार्चमध्यें मुंबई सरकारनें सभेची मान्यता काढून घेतली. जेथें मत नाहीं तेथेंहि नागरिकांची शिकवण राज्यकर्त्यांस किती झोंबते, ह्याचें हें उदाहरण ओमाहाच्या शेतकऱ्यांस ठाऊक असतें तर त्यांना तें परकें वाटलें नसतें.

३ नोव्हेंबरला मतदान झालें. दक्षिणेंतील गाळलेली माणसें धरूनहि मतदारांपैकीं सुमारें शेंकडा ७९ लोकांनीं मत दिलें. मॅकिन्लीस सुमारें ७१ लाख व ब्रायनला सुमारें ६५ लाख मतें पडलीं. निर्वाचक २७१ विरुद्ध १७६ झाले. राज्यांच्या संख्येनें पाहिलें तर २३ विरुद्ध २२; केंटकींत तर मॅकिन्लीचें आधिक्य अवघें २८१ मतांचें होतें. पराभव झाला तरी ब्रायनला पडलेलीं मतें तोंपर्यंतच्या कोणत्याहि विजयी अध्यक्षाच्या मतांहून अधिक होतीं. पैशाचें बळ वक्तृत्वाच्या बळाहून कित्येक पटींनीं अधिक असतांना अंतर शेंकडा चार-पांचांचें पडलें. पैशानें सर्व कांहीं विकत घेतां येतें असें मानणारांनीं ह्या आंकड्यापाशीं थोडें थांबावें; आणि पैशानें कांहींच होत नाहीं असें मानणारांनीं केंटकीच्या आंकड्यापाशीं.

आमचा निष्कर्ष असा कीं, हॅनाच्या निधीनें मतें घेतलीं नाहींत, कान घेतले. लोकशाहींत बोलण्याचा हक्क सर्वांस सारखा असतो. ऐकलें जाण्याची शक्ति सारखी नसते. सात पत्रकें एका बाजूचीं व एक दुसऱ्या बाजूचें, अशा स्थितींत मतदार मूर्ख नसला तरी त्याचा निवाडा एकतर्फी साक्षीवर उभा राहतो. ह्यांतील अन्याय लांच देण्याइतका उघडा नाहीं, म्हणूनच तो अधिक टिकाऊ आहे.

तो अन्याय अमेरिकन लोकांस दिसला नाहीं असें मात्र नव्हे. १९०५ सालीं न्यूयॉर्कमध्यें आयुर्विमा कंपन्यांची चौकशी झाली तेव्हां विमेदारांच्या पैशांतून रिपब्लिकन मोहिमांस देणग्या गेल्याचें उघडकीस आलें. विधवांच्या व अनाथांच्या ठेवींतून निवडणूक लढविली गेली, म्हणून मोठा गहजब झाला. १९०७ सालीं काँग्रेसनें कंपन्यांस संघराज्याच्या निवडणुकांत देणगी देण्याची बंदी केली. ह्या कायद्यास त्याचा पुरस्कर्ता सीनेटर टिलमन ह्याचें नांव पडलें आहे. आतां ह्या टिलमनचें दुसरें कर्तृत्व पाहावें. १८९५ सालीं दक्षिण कॅरोलायनाची नवी राज्यघटना करून काळ्या नागरिकांस मतदानांतून हुसकून लावण्यांत हाच अग्रभागीं होता. लुइझियानांत १८९६ सालीं नोंदलेले काळे मतदार १,३०,३३४ होते. नव्या घटनेनंतर, १९०४ सालीं, ते १,३४२ उरले. थैलीस दार बंद करणारा हात आणि माणसांस दार बंद करणारा हात एकच होता! जे इतिहासकार १८९६ नंतरच्या सुधारणांचें केवळ गुणगान करतात, त्यांनीं हे दोन आंकडे शेजारीं-शेजारीं लिहून ठेवावेत. एखाद्या नागरिकाचें मत पैशानें बुडतें कीं कायद्यानें, ह्यानें त्याच्या दृष्टीनें फारसा फरक पडत नाहीं.

मतदानाचा ओघहि त्यानंतर आटत गेला. १८९६ चे शेंकडा ७९, १९०४ मध्यें ६५ झाले. १९२० सालीं स्त्रियांस सर्वत्र मताधिकार मिळाला त्या वर्षीं ४९ वर आले. पैशाचा प्रश्न तर मिटलाच नाहीं. १९७४ सालीं काँग्रेसनें खर्चावर मर्यादा घातल्या; १९७६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें देणगीवरील मर्यादा राखून खर्चावरील मर्यादा मात्र, तें भाषणस्वातंत्र्यावरील बंधन होय म्हणून, रद्द केल्या; आणि २०१० सालीं त्याच न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ठरविलें कीं, कंपन्यांस उमेदवाराशीं संगनमत न करतां स्वतंत्रपणें वाटेल तितका प्रचारखर्च करतां येईल. पैसा खर्चणें म्हणजे बोलणेंच काय, हा कँटनच्या ओसरीवरचा प्रश्न असा न्यायासनापुढें येऊन बसला आहे.

ब्रायनचें पुढें काय झालें? १९०० व १९०८ सालीं तो पुन्हां उभा राहिला व पुन्हां हरला. चांदीचा प्रश्न तर त्याच्या हातून कालानेंच काढून घेतला. दक्षिण आफ्रिका व क्लोंडाइक येथील नव्या सोन्यानें भाव आपोआप चढूं लागले. १९०६ सालीं जगाच्या प्रवासांत तो हिंदुस्थानांत आला, आणि येथील ब्रिटिश राज्यावर त्यानें इतका कडक लेख लिहिला कीं, आपल्याकडील राष्ट्रवाद्यांनीं त्याचीं पत्रकें काढून वाटलीं. परंतु त्याच्या नांवावर न मांडतां मांडावें असें एक यश आहे. १९१३ सालीं प्राप्तीकर व सीनेटरांची प्रत्यक्ष निवडणूक हीं दोन्ही अमेरिकेच्या घटनेंत दाखल झालीं. हीं कलमें ओमाहाचीं. म्हणजे शाळागृहांतील त्या रात्रींच्या सभांचीं. तोंपर्यंत त्यांचा जनक लोकपक्ष नामशेष झाला होता. १८९६ सालीं त्यानें आपली सारी पुंजी एका उमेदवाराच्या आवाजावर लावली, आणि उमेदवार हरतांच संघ विस्कळीत झाले, व्याख्याते घरीं बसले, सभा थांबल्या. जें एका निवडणुकीनें मिळालें नव्हतें तें एका निवडणुकीनें गेलें.

ह्यांत ब्रायनची निंदा नाहीं. लोकांपर्यंत स्वतः जाणारा उमेदवार हा लोकांस आपल्याकडे ओढून आणणाऱ्या उमेदवारापेक्षां आम्हांस केव्हांहि अधिक आदरणीय वाटतो. पण ओसरी काय आणि आगगाडी काय, दोन्ही कापणीचीं साधनें होत. कापणारा विळा सोन्याचा असो कीं चांदीचा, शेतांत जें पेरलें गेलें असेल तेंच त्याच्या हातीं येतें. निवडणूक आली म्हणजे आपण उमेदवाराच्या भाषणांचें व त्याच्या खर्चाचें माप घेतों, आणि त्यावरून लोकमताचा अदमास बांधतों. माप घ्यावयाचें तें अवश्य घ्यावें. परंतु प्रथम विचारावें तें हें कीं, नगारा वाजण्यापूर्वीच्या चार वर्षांत त्या देशाच्या शाळागृहांत रात्रीं दिवा कोण लावीत होतें, आणि नगारा थांबल्यावर तो कोणी विझूं दिला.